समुद्राचा तळ आणि मात्स्यन्यायाचा भ्रम

राज्यसंस्था कशासाठी हवी, या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्याकडील प्राचीन राजनीतिशास्त्राने समुद्राचा दृष्टांत घेतला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि महाभारताच्या शांतिपर्वात सांगितले आहे ते असे की, दंडाचा धाक उरला नाही तर मोठा मासा लहान माशाला गिळतो त्याप्रमाणे बलवान दुर्बळाला गिळू लागतो. या अवस्थेला मात्स्यन्याय असे नाव मिळाले. हा शब्द इशारा म्हणून वापरला गेला होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. आजचे बाजारपेठवादी मात्र त्याच दृष्टांताचा उपयोग समर्थनासाठी करतात. स्पर्धा हा निसर्गाचा नियम आहे, समुद्रातही तोच चालतो, मग माणसांच्या व्यवहारात तो चालला तर बिघडले कोठे, असा त्यांचा सवाल असतो. कार्यकर्त्यांच्या सभांतून आणि शिबिरांतून हा सवाल वारंवार येतो, आणि त्याला बहुधा नीतीच्या भाषेत उत्तर दिले जाते. वस्तुतः त्याला वस्तुस्थितीच्या भाषेत उत्तर देता येण्यासारखे आहे. समुद्रात खरोखर काय चालते, हे पाहण्याची तसदी मात्र घ्यावी लागेल.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एका माशाने दुसऱ्याला गिळणे ही एक गोष्ट, आणि दोन माशांनी एकाच अन्नावर जगणे ही दुसरी. मात्स्यन्यायाचा दृष्टांत पहिल्या गोष्टीविषयी बोलतो. बाजारपेठेतील स्पर्धा म्हणून जिचे गुणगान केले जाते तिचे साम्य, असलेच तर, दुसऱ्या गोष्टीशी आहे. एका ताटात जेवणारे अनेक असले म्हणजे ते एकमेकांचे वैरी होतातच काय, हा खरा प्रश्न आहे. समुद्राच्या तळाशी चरणाऱ्या माशांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नावर गेली कित्येक दशके काम केले आहे, आणि त्यातील काही काम मुंबईच्या समुद्रातच झाले आहे.

मुंबईसमोर भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर इतका विस्तीर्ण उथळ समुद्र फार थोड्या ठिकाणी आहे. नद्या आणि खाड्या यांनी वाहून आणलेल्या गाळाने त्याचा किनाऱ्याजवळचा तळ चिखलाचा झाला आहे. या चिखलात पॉलिकीट जातीचे कृमी, शिंपले, लहान खेकडे आणि कोळंबीची अनेक पिल्ले राहतात. त्याच्या लगतच्या पाण्यात जवळ्याचे थवेच्या थवे फिरतात. या अन्नावर जगणाऱ्या माशांची यादी कोळीवाड्यातील कोणतीही बाई एका दमात सांगेल. ढोमा आहे, घोळ आहे, शिंगाळा, वाम, राणी मासा, लेप, पाकट, मुशी, चोर बोंबील आहे. आणि ज्याच्यासाठी हा किनारा ओळखला जातो तो बोंबील आहे. देशात मिळणाऱ्या बोंबलाचा फार मोठा हिस्सा महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांच्या किनाऱ्यांवरच मिळतो.

हे मासे काय खातात, याची नोंद पोट फाडून घेतली जाते. १९४७ साली स्थापन झालेल्या, नंतर मंडपमला आणि पुढे कोचीला गेलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे काम मुंबईत चिकाटीने केले. १९६९ साली सुशीलन आणि सोमशेखरन नायर यांनी मुंबईच्या समुद्रातील तळाच्या माशांच्या आहारावर लेख प्रसिद्ध केला. १९७० साली शं. वा. बापटांसारख्या अभ्यासकाच्या हातून बोंबलावर स्वतंत्र पुस्तिका तयार झाली. या आणि नंतरच्या अभ्यासांतून जे चित्र पुढे येते ते थोडक्यात असे. जवळा आणि कोळंबी हे या समुद्रातील जवळजवळ सर्वांचे समाईक अन्न आहे. बोंबील मुख्यतः जवळा आणि कोळंबीवर जगतो, लहान मासे खातो आणि प्रसंगी स्वतःचीच पिल्लेही गिळतो. ढोम्याच्या पोटात जवळा आणि कोळंबीबरोबर कृमी आणि लहान मासे आढळतात. लेपाचा भर चिखलातील कृमी व बारीक जीवांवर असतो. पाकटाचे जबडे शिंपले आणि खेकडे फोडण्यासाठी बनलेले आहेत. शिंगाळा चिखल ढवळून जे मिळेल ते खातो. घोळ आणि वाम मोठे झाले म्हणजे माशांवर आणि कोळंबीवर जगतात. शिवाय एकाच माशाचा आहार आयुष्यभर एक राहत नाही. पिल्लू असताना बहुतेकांना जवळ्यासारखे बारीक अन्न लागते. वाढल्यावर प्रत्येक जण आपापल्या वाटेने जातो. म्हणजे बालपणी पंक्ती एक असते, मोठेपणी ताटे वेगळी होतात.

आता दोन जातींचा आहार कितपत जुळतो हे मोजायचे कसे? १९७० साली शोनर या शास्त्रज्ञाने सुचवलेली रीत आजही सर्रास वापरली जाते, आणि ती कोणाही कार्यकर्त्याला समजण्यासारखी सोपी आहे. केवळ समजुतीसाठी काही आकडे घेऊ. समजा, ढोम्याच्या पोटात जवळा ५० टक्के, लहान मासे ३० टक्के आणि कृमी २० टक्के आहेत. बोंबलाच्या पोटात जवळा ७० टक्के आणि लहान मासे ३० टक्के आहेत. लेपाच्या पोटात कृमी ६० टक्के, जवळा २० टक्के आणि शिंपले २० टक्के आहेत. प्रत्येक अन्नाच्या बाबतीत दोघांपैकी ज्याचा वाटा कमी तो घ्यायचा आणि अशा वाट्यांची बेरीज करायची. ढोमा आणि बोंबील यांची बेरीज ८० येते, म्हणजे निर्देशांक ०.८०. ढोमा आणि लेप यांची बेरीज ४० येते, म्हणजे निर्देशांक ०.४०. निर्देशांक शून्य आला तर काहीच समान नाही. १ आला तर आहार तंतोतंत एक. ०.६०च्या वर गेला की आहारातील साम्य दखल घेण्याइतके मोठे आहे, असे मानण्याचा प्रघात आहे.

येथवर सर्व ठीक आहे. गफलत होते ती यापुढे. ०.८० हा आकडा पाहिला की ढोमा आणि बोंबील यांच्यात तीव्र स्पर्धा आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु हा निर्देशांक टक्केवारीचा आहे, परिमाणाचा नाही. समुद्रात जवळा किती आहे याविषयी तो अवाक्षर काढत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा मुद्दा लगेच पटेल. दोन कुटुंबे आपल्या उत्पन्नाचा निम्मा भाग ज्वारीवर खर्च करतात, एवढ्यावरून ती ज्वारीसाठी भांडत आहेत असे कोणी म्हणणार नाही. गावाचे कोठार भरलेले असेल तर दोघेही सुखाने जेवतील. कोठार रिकामे झाले, किंवा कोणी त्याला कुलूप लावले, म्हणजे मगच शेजारी शेजाऱ्याचा प्रतिस्पर्धी होतो. आहारातील साम्य ही स्पर्धेची शक्यता आहे. तिला प्रत्यक्षात आणते ती टंचाई.

किंबहुना अनेकदा अनुभव उलटाच येतो. १९७१ साली झारेट आणि रँड या दोघांनी पनामातील एका ओढ्यातील माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओढा गोड्या पाण्याचा, मासे वेगळे. परंतु तत्त्व तेच. पाणी आणि अन्न मुबलक असताना निरनिराळ्या जातींचे आहार एकमेकांशी पुष्कळ जुळत होते. कोरड्या ऋतूत अन्न कमी झाले तेव्हा प्रत्येक जात आपल्या खास अन्नाकडे वळली आणि आहारातील साम्य घटले. म्हणजे साम्य अधिक दिसते ते सुबत्तेच्या काळात. तंगीच्या काळात प्रत्येक जण दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला होतो, निदान बाजूला होण्यास जागा असेल तोपर्यंत. भरल्या घरातील समाईक पंक्तीला भांडण समजणे आणि उपाशी घरातील वेगळ्या चुलींना शांतता समजणे, या दोन्ही चुका एकाच प्रकारच्या आहेत.

'निसर्गात स्पर्धाच आहे' या सिद्धांताचा उगमही तपासून पाहण्यासारखा आहे. १९३४ साली गाउझे या रशियन शास्त्रज्ञाने एकपेशीय प्राण्यांवरील आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. पॅरामीशियमच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या असता त्यांपैकी एक नष्ट झाली. हे सर्वत्र सांगितले जाते. परंतु त्याच प्रयोगमालेत दुसरी एक जोडी मात्र एका नळीत टिकून राहिली, कारण त्यांपैकी एक जात नळीच्या तळाशी चरत होती आणि दुसरी वरच्या पाण्यात. हे क्वचितच सांगितले जाते. १९६० साली गॅरेट हार्डिन यांनी गाउझेच्या या नियमाला 'स्पर्धात्मक बहिष्करणाचे तत्त्व' असे नाव देऊन एक लेख लिहिला. हेच हार्डिन १९६८ साली 'समाईक मालमत्तेची शोकांतिका' या लेखामुळे जगप्रसिद्ध झाले. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, म्हणून प्रत्येक जण ते ओरबाडतो आणि अखेर सर्वांचा नाश होतो, असा त्या लेखाचा सूर होता. आणि त्याचा आधार घेऊन कुरणे, जंगले आणि समुद्र खासगी मालकीत किंवा नोकरशाहीच्या कडक ताब्यात देण्याची शिफारस जगभर झाली. न्यूझीलंडने १९८६ साली समुद्रातील मासळीचे हिस्से खरेदी-विक्री करता येतील अशा मालमत्तेत रूपांतरित केले, ते याच विचारप्रवाहात. एकाच लेखणीतून आलेले हे दोन लेख एकत्र ठेवून पाहिले म्हणजे त्यांतील सामान्य उणीव दिसते. दोन्हींत अटी गळून पडतात आणि नियम तेवढा उरतो. बंद नळीत खरे असलेले खुल्या समुद्रात खरे ठरवले जाते, आणि नियम नसलेल्या कुरणाविषयी खरे असलेले नियम पाळणाऱ्या गावाच्या माथी मारले जाते.

या प्रकाराची चिकित्सा फ्रेडरिक एंगल्स यांनी १८७५ सालीच लाव्हरोव्ह यांना लिहिलेल्या पत्रात केली होती. भांडवली समाजातील स्पर्धा आणि माल्थसचा लोकसंख्येचा सिद्धांत आधी समाजातून निसर्गात नेला जातो, आणि मग तोच निसर्गातून समाजात परत आणून सनातन नियम म्हणून सिद्ध झाल्याचे जाहीर केले जाते, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. पुढे क्रोपोटकिन यांनी १९०२ साली परस्पर साहाय्यावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली दाखवून दिले की, जगात अनेक ठिकाणी सामान्य माणसांनी समाईक पाणी, कुरणे आणि मच्छीमारीच्या जागा स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या राखल्या आहेत. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. समाजवाद्यांनी क्रोपोटकिनच्या आहारी जाऊन निसर्गात केवळ सहकार्यच आहे असे म्हणण्याचे कारण नाही. बोंबील स्वतःची पिल्ले खातो हे विसरता येत नाही. म्हणणे एवढेच आहे की निसर्गातून कोणत्याही समाजव्यवस्थेची सनद मिळत नाही.

तर मग टंचाई येते कोठून? एखाद्या वर्षी पाऊस, प्रवाह आणि तापमान यांमुळे जवळा कमी येतो, हे खरे आहे. परंतु तळाची टंचाई ही मुख्यतः माणसाच्या हातची आहे, आणि तिला इतिहास आहे. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि १९५३ पासून केरळातील नींडकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. मच्छीमाराचे जीवनमान उंचावणे हा त्याचा जाहीर हेतू होता. पुढे कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि तळ खरवडून कोळंबी काढणारे ट्रॉल जाळे सर्व किनाऱ्यावर पसरले. त्यासाठी कर्जे आणि अनुदाने दिली गेली. दोन जड फळ्यांनी तोंड उघडे ठेवलेले हे जाळे तळावरून ओढले जाते तेव्हा कोळंबीबरोबर तळावरचे बाकीचे सारे वर येते आणि चिखलात राहणारे पुष्कळ जीव जागीच मरतात. गोव्यातील रापणकारांनी सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली याविरुद्ध लढा उभारला. १९७८ साली देशपातळीवरील मच्छीमार संघटना उभी राहिली. १९८० साली केरळ व गोवा यांनी आणि १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. हे कायदे कोणाच्या कृपेने आलेले नाहीत. किनाऱ्यावरच्या संघर्षातून ते आले आहेत.

ट्रॉलने तळाचे किती नुकसान होते, याचा अदमास आज अधिक नेमका झाला आहे. २०१७ साली हिडिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील अनेक पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला. निरनिराळ्या अवजारांच्या एका फेरीत तळावरील जीवांच्या वजनापैकी ६ ते ४१ टक्के नाहीसे होते आणि ते भरून येण्यास सुमारे १.९ ते ६.४ वर्षे लागतात, असा तो निष्कर्ष होता. फळ्यांचे ट्रॉल, जे आपल्याकडे वापरले जाते, त्याचे नुकसान सर्वांत कमी, म्हणजे फेरीला ६ टक्के आढळले. या पाहण्यांपैकी पुष्कळ थंड प्रदेशातील आहेत, त्यामुळे आकडा जसाच्या तसा कोकणाला लावता येणार नाही. तरीही हिशेब करून पाहावा. ६ टक्के ऐकावयास किरकोळ वाटतात. पण भरपाईला अवसर न देता त्याच पट्टीवरून दहा फेऱ्या झाल्या तर १०० पैकी सुमारे ५४ उरतात. निम्मे कोठार रिकामे होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ २०१५ साली ठरला. माशांच्या विणीसाठी तो आवश्यकच आहे. परंतु जी झीज भरून येण्यास वर्षे लागतात ती ६१ दिवसांत भरून येईल, अशी अपेक्षा करणे म्हणजे नांगरट सुरू असतानाच पीक उभे राहील अशी आशा करण्यासारखे आहे.

ट्रॉलरमालकांच्या बाजूने येथे एक युक्तिवाद केला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ट्रॉलमुळे अन्न कमी होत असेल, पण खाणारेही कमी होतात. मग उरलेल्या माशांना वाट्याला अधिकच येणार नाही काय? शिवाय तळ ढवळल्याने दडलेले कृमी वर येतात, हेही सांगितले जाते. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधील कॅटेगॅट समुद्रात नेमक्या याच प्रश्नाचा शोध घेतला गेला आणि २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. तेथील चपट्या माशांची पुष्टता तपासली असता असे दिसले की, केवळ अन्न किती यावर ती ठरत नाही. अन्न आणि त्याचे वाटेकरी यांच्या गुणोत्तरावर ती ठरते. थोड्या ट्रॉलने वाटेकरी कमी होऊन काही माशांना लाभ होऊ शकतो. म्हणजे युक्तिवादात तथ्यांश आहे. परंतु ओरबाडणे वाढत गेले की अन्नच इतके घटते की उरलेल्या थोड्यांनाही ते पुरत नाही. शिवाय हा लाभ सर्व जातींना सारखा मिळत नाही. बारीक, झपाट्याने वाढणाऱ्या कृमींवर जगणारा मासा निभावून नेतो. शिंपल्यांवर आणि मोठ्या, सावकाश वाढणाऱ्या जीवांवर जगणारा मासा मागे पडतो. निसर्गात जिंकणारा कोण आणि हरणारा कोण, हे येथे जाळ्याच्या मालकाने ठरवलेले असते. त्याला नैसर्गिक निवड म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

जवळ्याचा विचार येथेच थांबत नाही, कारण त्याचे वाटेकरी पाण्याबाहेरही आहेत. सुका जवळा आणि सुके बोंबील हे घाटावरच्या आठवडेबाजारात पिढ्यान्‌पिढ्या विकले जातात. शेतमजुराच्या आणि गिरणी कामगाराच्या भाकरीबरोबर स्वस्तात मिळणारे प्रथिन म्हणजे मूठभर जवळ्याची चटणी. अलीकडे या पंक्तीत नवा पाहुणा आला आहे. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या किनाऱ्यांवर मत्स्यचूर्णाचे कारखाने चालतात. जाळ्यात आलेली बारीक आणि अपक्व मासळी तेथे वजनावर विकली जाते, आणि तिचे चूर्ण कोळंबी व मासे यांच्या शेतीसाठी, तसेच कोंबड्यांसाठी खाद्य म्हणून जाते. पूर्वी ज्या पिल्लाला किंमत नव्हती त्याला किंमत आली, म्हणून ते समुद्रात सोडण्याचे, किंबहुना टाळण्याचेही कारण उरले नाही. आता शोनरच्या निर्देशांकाने मोजले तर बोंबील, ढोमा, मजूर आणि कारखाना हे सारेच एका अन्नाचे वाटेकरी ठरतात. फरक इतकाच की बोंबलाचे पोट भरले की तो थांबतो. मजुराच्या खरेदीला त्याच्या मजुरीची मर्यादा आहे. कारखान्याच्या भुकेला मात्र यंत्राच्या क्षमतेखेरीज आणि नफ्याच्या दराखेरीज मर्यादा नाही. पोटाची भूक आणि भांडवलाची भूक यांतील हा भेद निर्देशांकात दिसत नाही, आणि म्हणूनच तो राजकारणात सांगावा लागतो.

येथे आत्मपरीक्षणाचाही मुद्दा आहे. डोल जाळे हे भरती-ओहोटीच्या प्रवाहात स्थिर लावलेले, तळ न खरवडणारे, लहान मच्छीमाराचे जाळे आहे, हे खरे. परंतु त्याच्या शेवटच्या पिशवीचा आस अतिशय बारीक असतो आणि जवळ्याबरोबर बोंबील, पापलेट, ढोमा यांची पिल्ले त्यात मोठ्या प्रमाणात येतात. लहान माणसाचे जाळे म्हणून त्याला सर्व नियमांतून सूट मागणे हा समाजवाद नव्हे. त्याचप्रमाणे ट्रॉलरवर राबणारा खलाशी, जो पुष्कळदा नेपाळातून किंवा उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेला असतो, त्याला शत्रू समजणेही चुकीचे आहे. ट्रॉलरचा मालकसुद्धा अनेकदा डिझेलच्या आणि कर्जाच्या चक्रात सापडलेला असतो. काल जेथे दोन तास जाळे ओढले तेथे आज चार तास ओढावे लागते. १९५४ साली स्कॉट गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाने दाखवले होते की, नियमन नसलेल्या मच्छीमारीत सर्वांचे प्रयत्न वाढत जातात आणि अखेर साऱ्यांचा निव्वळ नफा शून्यावर येतो. तेव्हा पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक मच्छीमार हे दोघेही तळाच्या ढोम्या-बोंबलाप्रमाणेच एका रिकाम्या होत चाललेल्या ताटाभोवती बसलेले आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करून ज्यांचा लाभ होतो त्यांच्याकडे लक्ष वेधणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

मागण्या कोणत्या असाव्यात, हे या विवेचनातूनच निघते. पहिली, किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात ट्रॉलला असलेल्या बंदीची खरी अंमलबजावणी. १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला मोकळे होता येणार नाही. दुसरी, काही निवडक तळपट्टे सलग काही वर्षे ट्रॉलमुक्त ठेवावेत आणि ते कोणते, हे मच्छीमार सहकारी संस्थांनी शास्त्रज्ञांच्या मदतीने ठरवावे. वार्षिक बंदीकाळ विणीसाठी आणि हे पट्टे अन्नाच्या भरपाईसाठी, असा दुहेरी विचार आवश्यक आहे. तिसरी, अपक्व माशांच्या किमान आकाराचे नियम केरळने २०१५ साली आणि महाराष्ट्राने २०२३ साली केले. त्यांची तपासणी कोळणीच्या टोपलीपाशी न करता मत्स्यचूर्णाच्या कारखान्याच्या दारात सुरू करावी. चौथी, जाळ्यांच्या आसाचा नियम डोलीसह सर्वांना लागू करावा आणि नवे जाळे घेण्यासाठी लहान मच्छीमाराला सरकारने मदत द्यावी. पाचवी, किनाऱ्यावर किती मासळी उतरली एवढ्याच आकड्यांवर धोरण आखण्याचे थांबवावे. तळावर अन्न किती शिल्लक आहे आणि माशांच्या पोटात काय सापडते, याची नियमित पाहणी करून ती मराठीत, कोळीवाड्याच्या फलकावर लागेल अशा रीतीने जाहीर व्हावी. धान्याचा साठा न मोजता रेशनचे वाटप ठरवणारा पुरवठा अधिकारी जितका जबाबदार, तितकेच तळ न मोजता परवाने देणारे खाते जबाबदार मानावे लागेल.

यांतील एकही मागणी अव्यवहार्य नाही. १९९१ च्या धोरणाने परदेशी भागीदारीतील मोठ्या जहाजांना खोल समुद्राच्या परवानग्या मिळू लागल्या, तेव्हा पारंपरिक आणि यांत्रिक अशा दोन्ही मच्छीमारांनी मिळून देशव्यापी आंदोलन केले. त्यातूनच मुरारी समिती नेमली गेली आणि तिने त्या परवानग्यांविरुद्ध शिफारस केली. आपापसांत एरवी भांडणारे हे दोन गट त्या वेळी एकत्र आले, कारण आपले ताट कोण ओढून नेत आहे हे त्यांना स्पष्ट दिसले होते. तळाच्या प्रश्नावर ते तितके स्पष्ट दिसत नाही, कारण तळ डोळ्यांआड आहे आणि कारखाना बंदरापासून दूर असतो. ते दाखवून देण्यासाठी ससून गोदीपासून हर्णै आणि मिरकरवाड्यापर्यंत प्रत्येक बंदरावर बसून बोलावे लागेल, आणि बोलण्यापूर्वी ऐकावे लागेल. जवळा कोणत्या महिन्यात कोठे येतो आणि कोठे यायचा थांबला, हे तेथील तांडेल आणि कोळणी यांना ठाऊक असते. मात्स्यन्यायाचे वर्णन करणाऱ्या प्राचीनांनी त्यावर उपाय म्हणून राजदंड सांगितला होता. लोकशाहीत तो दंड लोकांच्या हाती आहे, असे आपण म्हणतो. त्याचा पहिला उपयोग कोठार मोजण्यासाठी झाला पाहिजे.